दोन स्टार आणि खालची पट्टी: एका निवृत्त सुभेदाराचं खुलं पत्र

प्रति,
सातारा, सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांतील माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक, कनिष्ठ महाविद्यालयांचे प्राचार्य आणि गावोगावच्या सैन्यभरती अकादम्यांचे संचालक यांना,

सप्रेम नमस्कार.

तीस वर्षं इन्फन्ट्रीत नोकरी करून मी सुभेदार म्हणून घरी आलो. आता कोरेगाव तालुक्यात शेती बघतो. आजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले, हवालदार होऊन परतले. वडिलांनी १९७१ ची लढाई बघितली, नायक म्हणून पेन्शनीवर आले. माझा मुलगा आज हवालदार आहे. या चार पिढ्यांचा मला अभिमान आहे आणि तो मी कुणालाही छाती काढून सांगतो. तरीही हे पत्र लिहायला बसलो, कारण २६ जानेवारीला एका महाविद्यालयात झेंडावंदनाला गेलो होतो आणि तिथून आल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही.

भाषण झाल्यावर अकरावी-बारावीच्या पोरांना मी विचारलं, फौजेत कोणाला जायचंय? निम्म्या वर्गाचे हात वर झाले. मग विचारलं, एनडीएचा, म्हणजे बारावीनंतर सैन्यातले अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीचा, फॉर्म कोणी भरलाय? एकही हात वर आला नाही. पुढच्या बाकावरचा एक उंचापुरा पोरगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, ते सायन्सवाल्यांसाठी असतं ना? आणि मोठ्या लोकांच्या पोरांसाठी." शेजारचे शिक्षकही मान डोलवत होते. ही एनडीए खडकवासल्याला, म्हणजे त्या वर्गापासून गाडीनं तीन तासांवर आहे.

तुम्ही या पोरांना पहाटे पाचला उठवून सोळाशे मीटर पळवता, पुलअप्स काढून घेता, छाती मोजता. त्यात खोट काढायला मी बसलेलो नाही, त्याच वाटेनं आमच्या घरात चूल पेटली. पण लढणारा अधिकारी म्हणजे कोण आणि लढाईत तो नेमकं करतो काय, हे त्या पोरांना कोणी सांगितलेलंच नाही. त्यांना तो सिनेमात दिसतो तेवढाच माहीत. म्हणून आधी तेच सांगतो.

मी नायब सुभेदार असताना आमची कंपनी काश्मीरमध्ये होती. माझ्या प्लाटूनला नवा लेफ्टनंट आला, वय तेवीस. पलटणीत येऊन त्याला चारच महिने झाले होते, आणि माझी नोकरी जवळपास त्याच्या वयाएवढी होत आली होती. तो मला साब म्हणायचा, मीही त्याला साब म्हणायचो. फौजेत ही रीत आहे आणि ती दोन्ही बाजूंनी मनापासून पाळली जाते.

एका संध्याकाळी खबर आली. निघण्याआधी त्यानं लंगरमधून तांदूळ, मीठ, काड्यापेट्या आणि लोकरीचा धागा मागवला. जमिनीवर धाग्याचा नाला केला, तांदळाची डोंगरधार केली, काड्यापेट्यांची तीन घरं मांडली. मग एकेका जवानाला पुढं बोलावून विचारलं, तू कुठं असशील? तुझ्या डावीकडे कोण? मला गोळी लागली तर हुकूम कोणाचा? सगळ्यात लहान जवान अडखळला, तर न रागावता त्याला पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं. शेवटच्या प्रश्नाला "नायब सुभेदार साब का" असं उत्तर आलं, तेव्हा माझ्याकडे बघून त्यानं नुसती मान हलवली. आपण पडलो तर पुढं काय, याची व्यवस्था त्यानं सगळ्यांदेखत लावून टाकली होती आणि आवाजात जराही फरक नव्हता.

रात्री दोन स्काउट पुढं आणि त्यांच्या मागं तो, असे आम्ही चाललो. पहिला फायर आला तसे सगळे जमिनीला चिकटलो. अशा वेळी प्रत्येक जवानाचं डोकं एकाच बाजूला वळतं. गोळी कुठून आली हे तो नंतर बघतो, आधी साहेबाचा आवाज शोधतो. मी हे इतक्या वेळा पाहिलंय की डोळे मिटले तरी ती वळलेली डोकी दिसतात. त्याचा आवाज आला, मोठा नव्हता. फायर कुठून येतोय, एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन, कोण लावणार, कोण हलणार, एवढंच तो बोलला. तेवढ्यानं तीस माणसांच्या अंगात जीव परत आला.

आमच्या एका जवानाच्या मांडीत गोळी लागली. वरून पट्टी आवळून बांधली. खाली न्यायचं तर शंभरेक मीटर उघडी जागा ओलांडायला हवी होती. लगेच न्यावं तर आणखी दोघं-चौघं पडणार. थांबावं तर पोराचं रक्त जातंय. पट्टी आवळल्याची वेळ त्या लेफ्टनंटनं पेनानं स्वतःच्या तळहातावर लिहिली. मी म्हणालो, साब, माझ्या मते थांबावं. त्यानं ऐकून घेतलं, मला दोन प्रश्न विचारले आणि म्हणाला, दुसरी तुकडी वरच्या टेकाडावर पोचेपर्यंत थांबायचं. अर्ध्या तासाच्या वर आम्ही थांबलो. जवान कण्हत होता आणि हा सारखा तळहाताकडे बघत होता.

तो जवान वाचला, आज त्याला दोन मुली आहेत. पण वाचला नसता तर? सल्ला माझा होता, निर्णय त्याचा होता, आणि जन्मभर ते ओझं वाहायचं तर त्यालाच वाहावं लागलं असतं. तेविसाव्या वर्षी. बंदूक आम्ही सगळेच चालवतो. माहिती अर्धी, वेळ अजिबात नाही, अशात ठरवायचं आणि पुढं जे होईल ते स्वतःच्या नावावर घ्यायचं, हे काम अधिकाऱ्याचं. त्यासाठी त्याला तोफखान्याचा फायर कसा मागायचा हे यावं लागतं, नकाशा वाचता यावा लागतो, आणि कुठला जवान कुठल्या दिवशी मनानं जागेवर नाही हेही कळावं लागतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर तो जवानांना बूट काढायला लावून एकेकाच्या टाचा आणि बोटांच्या बेचक्या तपासत होता. स्वतः त्यानं तोवर चहासुद्धा घेतला नव्हता.

नंतर चहा घेताना मी विचारलं, साब, घरात कोणी फौजेत होतं का? म्हणाला, नाही, वडील पोस्टमन, हिमाचलमधलं लहानसं गाव. बारावीत असताना शाळेच्या पीटी मास्तरांनी एनडीएचा फॉर्म आणून दिला, फीसुद्धा त्यांनीच भरली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण माझ्या मुलानंही बारावीत असताना एनडीएचं नाव काढलं होतं. मी तेव्हा ईशान्येकडे होतो. तो वर्गशिक्षकांकडे गेला. त्यांनी सांगितलं, तुझ्या घरातले सगळे भरतीनं गेलेत, तूही भरतीचीच तयारी कर, त्या परीक्षेत वर्ष घालवू नकोस. त्या मास्तरांना मी दोष देत नाही, ते पोराच्या भल्याचंच बोलत होते. मुलानं मला फोन केला, आणि मीही तेच सांगितलं. आपल्यासारख्यांचं ते काम नव्हे, असं मी, त्याचा बाप, बोललो. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नव्हती.

आपल्यात हे कुठून आलं, याचा मी पुष्कळ विचार केलाय. इंग्रजांच्या फौजेत हिंदी माणसाची शेवटची पायरी सुभेदार मेजर. छातीवर मेडलांची रांग असलेल्या म्हाताऱ्या सुभेदारानंही कालपरवा विलायतेहून उतरलेल्या गोऱ्या पोराला सलाम ठोकायचा. पहिल्या महायुद्धात आपल्या अपशिंग्याची ४६ माणसं कामी आली, गावाचं नावच अपशिंगे मिलिटरी पडलं. ती माणसं पलटणीत भरती झाली तेव्हा हिंदी शिपायाला अधिकारी होण्याची वाटच नव्हती. विलायतेतल्या सँडहर्स्टच्या लष्करी अकॅडमीतल्या मोजक्या जागा हिंदी तरुणांना मिळाल्या त्या युद्ध संपता संपता. देहरादूनची इंडियन मिलिटरी अकॅडमी निघाली १९३२ मध्ये, पहिल्या तुकडीत ४० जण. आमचे आजोबा इटलीच्या गोष्टी सांगायचे, त्यात यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव ही नावं हमखास यायची. मराठा पलटणीतले हे दोघे, एक नायक, एक शिपाई, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे यांच्या सेक्शनमधले सगळे पडले तेव्हा ते एकटे मशीनगनवर धावून गेले आणि तिथंच कामी आले. पुढं होऊन लढायची धमक आपल्याकडे तेव्हाही होती, फक्त सुभेदारीच्या वर जायचा जिना नव्हता.

तो जिना होऊन आता पाऊणशे वर्षांच्या वर झाली. सुभेदाराच्या खांद्यावर दोन स्टार असतात आणि खाली एक रंगीत पट्टी. लेफ्टनंटच्या खांद्यावरही दोनच स्टार असतात, पट्टी नसते. आमच्या घरात चार पिढ्यांत कोणाच्या मनात आलं नाही की पट्टीशिवायचे स्टार आपल्यालाही मिळू शकतात. एकदा आलं, एका पोराच्या, तर ते आम्हीच मोडलं.

असं करून दाखवलेली माणसं आहेत, आणि ती पोरांना नावानिशी माहीत हवीत. रामा राघोबा राणे कारवारकडच्या चेंडिया गावचे. १९४० मध्ये बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे रस्ते-सुरुंगांचं काम करणाऱ्या पलटणीत, साधे शिपाई म्हणून गेले, ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढले, हवालदार झाले आणि १९४७ च्या डिसेंबरात त्यांना सेकंड लेफ्टनंटचं कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळालं. चारच महिन्यांनी, एप्रिल १९४८ मध्ये, ते नौशेरा-राजौरी रस्त्यावर होते. रणगाडे पुढं न्यायचे तर रस्त्यातले सुरुंग काढायला हवेत आणि वरून तोफगोळे पडताहेत. पहिल्याच दिवशी त्यांच्या तुकडीतले दोघे गेले, पाच जखमी झाले, त्या पाचांत राणे स्वतः. मांडीला जखम असताना त्यांनी मागं जायला नकार दिला. रणगाड्याबरोबर जमिनीवर सरपटत, दोराच्या खुणेनं आतल्या चालकाला वाट दाखवत, त्यांनी सुरुंगातून रस्ता काढला. दिवसचे दिवस सुरुंग काढणं आणि अडथळे उडवणं चाललं. १२ एप्रिलला आपली फौज राजौरीत पोचली. परमवीर चक्र जिवंतपणी मिळालेले ते पहिले. शिपायाचा अधिकारी होतो आणि अधिकारी झाल्यावर तो रणगाड्याबरोबर मातीत सरपटतो. या माणसाचा फोटो किती शाळांच्या भिंतीवर आहे, ते तुम्हीच एकदा फिरून बघा.

कर्नल संतोष महाडिक तर आपल्या पोगरवाडीचे, साताऱ्याच्या सैनिक शाळेत शिकलेले. नोव्हेंबर २०१५ मध्ये ते ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर होते. अख्ख्या पलटणीचा प्रमुख. कुपवाड्याच्या जंगलात अतिरेक्यांचा शोध चालू असताना ते मुख्यालयात बसले असते तर कोणी नाव ठेवलं नसतं. ते जवानांच्या पुढं होते आणि तिथंच गेले. पुढं त्यांच्या पत्नी स्वातीताई महाडिक चेन्नईच्या अकॅडमीत ट्रेनिंग करून २०१७ मध्ये लेफ्टनंट झाल्या. कर्नलसाहेबांच्या अंत्यविधीला आपल्यापैकी कितीतरी जण गेले होते, मीही होतो. तिथून परत येऊन आपण आपल्या वर्गात काय बदललं, हा प्रश्न मी तुमच्याइतकाच स्वतःलाही विचारतो.

सगळेच अधिकारी असे असतात असं मी सांगणार नाही. नकाशावर बोट ठेवून आम्हाला पाठवणारा आणि स्वतः वायरलेसजवळ थांबणारा एक साहेब मी पाहिलाय. दोन महिन्यांत कंपनीची चाल बदलली. हुकूम पाळले जायचे, पण सांगितलं तेवढंच, त्यापुढं एक पाऊल नाही. हे पाहिल्यापासून मला वाटतं की जवानाच्या घरचं ज्याला न सांगता कळतं, अशी जास्त पोरं अधिकारी व्हायला हवीत. घराचा पत्रा गळतोय, बहिणीचं लग्न ठरलंय, विहिरीच्या पाळीवरून भावकीत कोर्ट चालू आहे, हे ओझं घेऊन जवान रात्री ड्युटीला उभा असतो. आपल्या वर्गातल्या पोराला ते समजायला पुस्तक लागत नाही.

जागाही आहेत. २०२३ मध्ये सरकारनंच संसदेत सांगितलं की लष्करात मेजर आणि कॅप्टन या दोन हुद्द्यांवर मिळून साडेसहा हजारांहून जास्त अधिकारी कमी आहेत. कंपनी घेऊन पुढं जाणारे ते हेच हुद्दे.

पालक म्हणतील, अधिकारी पुढं असतो म्हणजे आधी तोच पडतो. खरं आहे, खोटं सांगून पोर पाठवू नये. १९९९ ला कारगिलमध्ये आपले ५२७ जण गेले. खालुबारला लेफ्टनंट मनोज पांडे गेले, पॉइंट ४८७५ वर कॅप्टन विक्रम बत्रा. दोघांचंही वय २४. पण त्या डोंगरांवर त्यांच्या खांद्याला खांदा लावून जे चढत होते ते जवानही कोणाची तरी पोरंच होती. आपण पोरं पाठवतोच आहोत, वर्षानुवर्षं. मग त्यांना निवड तरी पूर्ण द्या.

आता माझं मागणं. वर्षातून दोनदा, डिसेंबरात आणि मे महिन्याच्या सुमारास, यूपीएससीची एनडीएची जाहिरात येते. ती नोटीस बोर्डावर लावा आणि वर्गात वाचून दाखवा. लष्करासाठी बारावी कुठल्याही शाखेची चालते, आर्ट्सचीसुद्धा, हे ओरडून सांगा. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस, म्हणजे बारावी झाल्यावर जाग येऊन फारसा उपयोग नाही, अकरावीतच कळायला हवं. लेखी परीक्षा ९०० गुणांची, त्यात गणित ३०० चं. आपली पोरं इथं अडतात, आणि आर्ट्सची तर जास्तच, कारण दहावीनंतर गणिताशी त्यांची गाठच पडत नाही. अकादमीवाल्यांनो, पहाटेची दौड झाल्यावर पोरं तुमच्याच मैदानात बसलेली असतात. तिथं एक तास गणिताचा ठेवा. गावातल्या एखाद्या निवृत्त मास्तरांना बोलवा, ते आनंदानं येतील.

दुसरी भीती इंग्रजीची. ती मला ठाऊक आहे, कारण मी ती आयुष्यभर बाळगली. लेखी पेपर इंग्रजी आणि हिंदीतून असतो, आणि त्यातले २०० गुण इंग्रजीच्याच प्रश्नांना. वर्गात पोराला रोज दोन मिनिटं उभं राहून बोलू द्या, मोडकंतोडकं बोलला तर हसू नका आणि कोणाला हसू देऊ नका. एवढ्यानंच फरक पडतो. पुढं एसएसबीची, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाची, निवड पाच दिवसांची असते. तिथं फळी, दोर आणि ड्रम देऊन अडथळा पार करायला सांगतात, आणि पोरगा इतरांना बरोबर घेतो का, ते बघतात. चिखलात रुतलेला उसाचा ट्रॅक्टर चार जणांना हाताशी धरून बाहेर काढणाऱ्या आपल्या पोराला ते जमणार नाही असं मला कोणी सांगू नये. त्या मुलाखतीची तयारी करून घेणारं सरकारी केंद्र नाशिक रोडला आहे, राहण्या-जेवणासकट मोफत. दहावीनंतर दोन वर्षं तयारी करून घेणारी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून चालू आहे. मुलींसाठी तशीच संस्था आता नाशिकला निघाली आहे. तुमच्यातल्या किती जणांनी आपला विद्यार्थी तिथं पाठवलाय?

मुलींचं मुद्दाम सांगतो. सुप्रीम कोर्टाच्या २०२१ च्या आदेशानंतर एनडीएचं दार त्यांना उघडलं आणि मे २०२५ मध्ये पहिल्या १७ मुली तिथून बाहेर पडल्या. इन्फन्ट्री आणि रणगाड्यांच्या दलात अजून त्यांना अधिकारी म्हणून घेत नाहीत, पण तोफखान्यात २०२३ पासून घेतात, इंजिनिअर्स आणि सिग्नल्समध्ये त्या आधीपासून आहेत. त्यांना परीक्षेची फीही नाही. आपल्या गावातल्या पोलीस भरतीला पळणाऱ्या मुली मी रोज बघतो. त्यांतली एखादी तोफांची बॅटरी, म्हणजे तुकडी, सांभाळेल, याबद्दल मला शंका नाही.

आणि जो पोरगा भरतीनं जाईल त्याला निरोप देताना एवढं कानात सांगा की कायम शिपाई झाल्यावरही, जवानांतून अधिकारी घडवणाऱ्या देहरादूनच्या आर्मी कॅडेट कॉलेजची परीक्षा देता येते. बारावीचं सर्टिफिकेट जपून ठेव, वेळ मिळेल तेव्हा वाचत राहा. अग्निपथ योजनेत भरती चार वर्षांची आणि त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के पोरं कायम करायची असं ठरलं, त्यामुळे वाचत राहा हे सांगणं पूर्वीपेक्षा जास्त गरजेचं झालंय.

ज्या लेफ्टनंटची गोष्ट सांगितली तो आता कर्नल आहे. दिवाळीला फोन करतो, अजून मला साबच म्हणतो. गेल्या दिवाळीला मी त्याला त्याच्या पीटी मास्तरांविषयी विचारलं. म्हणाला, मास्तर गेले, पण पासिंग आउट परेडला मी आईवडिलांबरोबर त्यांनाही आणलं होतं.

तुमच्यापैकी ज्यांना वाटेल त्यांनी मला बोलवा. दोन तास द्या, अकरावीचा वर्ग द्या. तांदूळ, काड्यापेट्या आणि लोकरीचा धागा मी घेऊन येईन, फळ्यासमोरची थोडी जमीन मोकळी करून ठेवा. पाण्याची पाळी बुधवारी रात्री असते, तेवढा गुरुवार सोडून मला कुठलाही वार चालेल.

आपला,
एक निवृत्त सुभेदार
ता. कोरेगाव, जि. सातारा